मारबतीची वाट आणि सरकारी खातं : एका बडग्यावाल्याचा अनुभव

आमच्या बडग्याची, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीतल्या पुतळ्याची, उंची गल्लीतल्या तारा ठरवतात. पोळ्याच्या पंधरा दिवस आधी मी एक लांब बांबू घेऊन मिरवणुकीच्या वाटेनं फिरतो. बांबूवर एकेका हातावर लाल सुतळी बांधलेली असते. तार जिथं खाली आली असेल तिथं बांबू उभा करायचा, सुतळ्या मोजायच्या आणि वहीत लिहायचं. बावीस वर्षांपासून मंडळाचं हे काम माझ्याकडे आहे. दिवसा नागपूरच्या इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानात हिशेब लिहितो, श्रावण लागला की संध्याकाळी कमच्या, खळ आणि रद्दी.

लोक दाखल्यांच्या खिडकीबद्दल लिहितात, पाण्याच्या बिलाबद्दल लिहितात. शहराचं प्रशासन आपली परंपरा कशी सांभाळतं, यावर कोणी लिहिलेलं दिसत नाही. ती सेवा मी दरवर्षी वापरतो, म्हणून लिहून राहिलो. कार्यालयाचं, माणसांचं नाव लिहिणार नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, मारबती निघतात, ईडा-पीडा घेऊन जाणारे बाईचे मोठे पुतळे. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. भोसले घराण्यातल्या बांकाबाईनं इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्या रागातून काळी निघाली असं जुने लोक सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीतून येते आणि नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते. त्या वेळी उभं राहायला ओटे, गच्च्या, जिने काही पुरत नाही. ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी हजारो गळ्यांतून एकदम निघते. तान्ह्या लेकराला मारबतीच्या पायाशी टेकवायला बाया आदल्या दिवसांपासून येतात. सोबत बडगे असतात, त्या वर्षी लोकांना ज्याचा त्रास झाला त्याचे पुतळे. भ्रष्टाचार, महागाई, डेंग्यू, सगळ्यांचे बडगे निघाले आहेत. शेवटी दहन.

आता सेवेबद्दल. रस्त्यांचं काम बहुतेक वर्षी चांगलं होतं. पोळ्याच्या आठवडाभर आधी खड्ड्यांत मुरूम पडतो, नाल्यांवरची फुटकी झाकणं बदलतात. बांधकामवाल्यांनी रस्त्यावर टाकलेला मलबा उचलला जातो. बडग्याच्या गाड्याला हे फार लागतं. गाड्याचं एक चाक खड्ड्यात गेलं की वरचा पुतळा वीतभर नाही, हातभर हलतो, आणि खाली खांदा लावलेली पोरं असतात.

मधली काही वर्षं आम्हाला एक जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, लाभले होते. पोळ्याच्या आठ दिवस आधी सकाळी सहाला ते स्वतः यायचे. मी बांबू धरायचो, ते वर बघायचे. कोणत्या वळणावर गाडा तिरपा घ्यावा लागतो, कोणत्या खांबावरचा दिवा मिरवणुकीपुरता काढायचा, कोणत्या घरची गॅलरी पुढं आली आहे, त्यांना तोंडपाठ होतं. टपरीवर तर्री पोहे खाताना एकदा म्हणाले, “भाऊ, हे सगळं लिहून ठेवा कुठं तरी.” मी म्हटलं, माझ्या वहीत आहे. ते म्हणाले, “तुमच्या वहीत आहे, आमच्या फायलीत नाही.” तेव्हा मला ते नीट समजलं नव्हतं.

त्यांची बदली झाली, त्याच वर्षी समजलं. मंडळाचं पत्र वेळेत गेलं होतं, परवानगीही मिळाली होती. नवीन साहेब भले होते, पण वाट त्यांना माहीत नव्हती आणि सांगणारं कोणी नव्हतं. माझ्या मोजणीनंतर चार दिवसांनी एका वळणावर केबलवाल्यांनी नवीन जाड तार ओढली, दोन सुतळ्या खाली. बडग्याचा वर केलेला उजवा हात त्या तारेत अडकला. मागून गर्दीचा रेटा, पुढं गाडा हलत नाही. आमचा एक पोरगा शेजारच्या घराच्या सज्ज्यावर चढून ओल्या बांबूनं तार उचलून धरायला गेला. मी खालून ओरडलो, बांबू ओला आहे, हात लावू नको! ती तार केबलची निघाली, विजेची नव्हती. पण ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. पाऊण तास मिरवणूक थांबली. शेवटी पुतळ्याचा हात कोपरापासून कापला आणि गाडा पुढं नेला. कोणाला इजा झाली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागतं. दगडमातीच्या वारशाला आपल्याकडे कागद आहे. कस्तुरचंद पार्क घ्या, झिरो माईल घ्या, दोन्ही श्रेणी एकच्या यादीत आहेत. तिथं काही करायचं तर हेरिटेज समितीपुढं जावं लागतं. अधिकारी बदलला तरी यादी राहते, फाईल राहते. झिरो माईलचा दगड १९०७ चा आहे. काळी मारबत त्याच्याहून सव्वीस वर्षांनी थोरली, पण तिला श्रेणी नाही. ती दरवर्षी नवीन बनते आणि जाळली जाते, मग नोंद कशाची करणार, असं मला एका खिडकीवर विचारलं गेलं. प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर असं आहे की पुतळा जळतो, पण वाट तीच राहते. तिची नोंद करा. कुठून कुठं, किती रुंद, किती उंच, कुठं वळण, कुठं थांबा. युनेस्कोनं अशा जिवंत परंपरांसाठी २००३ साली करार केला, भारतानं तो २००५ मध्ये स्वीकारला, कोलकात्याची दुर्गापूजा २०२१ मध्ये त्या यादीत गेली. आपली मारबत तिथं जावो ही इच्छा आहेच. पण त्याआधी नागपुरातल्या एका कपाटात तिच्या वाटेचा नकाशा तरी असावा.

सांस्कृतिक कार्यक्रम, महोत्सव, स्टेज, दिवे यांवर पैसा लागतो, तो लागावाच, कलावंतांचं पोट त्यावर आहे. मारबतीला स्टेज नको आहे. तिला वर मोकळी जागा पाहिजे.

सफाईबद्दल लिहिलं नाही तर मोठा अन्याय होईल. या सगळ्या सेवेत पैकीच्या पैकी गुण मी फक्त सफाईला देतो. दुपारी गर्दी ओसरते तेव्हा रस्त्यावर तुटक्या चपला, फुगे, नारळाच्या शेंड्या, पाण्याचे पाऊच आणि चिखलात कालवलेला कागद असतो. दिवे लागायच्या आत ऐवजदार, म्हणजे बदलीवरची सफाई कामगार, बायामाणसं येतात. दोन-अडीच तासांत रस्ता असा होतो की तान्ह्या पोळ्याची पोरं आपले लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघतात. गेल्या वर्षी मी ओट्यावर बसलो होतो. झाडता झाडता एका बाईला कचऱ्यात छोटा नंदी सापडला, एक चाक निघालेला, शिंगाला बेगड. तिनं तो पदरानं पुसला, चाक शोधलं, खालच्या ढिगातून काढलं, दोन्ही आमच्या ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, “कोणाचं तरी लेकरू शोधत येईल, द्याल.” रात्री आठच्या सुमारास आजोबाचं बोट धरून एक मुलगा खरंच आला.

यंदा मी बावीस वर्षांच्या वहीची झेरॉक्स काढली. वाटेचा हातानं नकाशा काढला, प्रत्येक खांबाला नंबर दिला, तार कुठं आहे आणि ती कोणाची आहे ते जमेल तेवढं लिहिलं. आवक-जावकच्या टेबलावर नेऊन दिली. तिथली मुलगी पंचविशीची असेल. तिनं पानं उलटून बघितली, पोच देण्यासाठी शिक्का उचलला आणि थांबली.

“काका, हे ‘सात हात’ म्हणजे किती? साहेबांना मीटरमध्ये लागेल.”

मी म्हटलं, माझ्या हाताचं माप आहे. तिनं ड्रॉवरमधून टेप काढला. मी टेबलावर कोपर टेकवलं, तिनं बोटाच्या टोकापर्यंत मोजलं. सेहेचाळीस सेंटिमीटर. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिनं निळ्या पेनानं लिहिलं, ‘१ हात = ४६ सें.मी.’, आणि त्याच्या खाली शिक्का मारला.