झीलाटेक + झी-सीजेके: मराठी-कन्नड पुस्तिकेत चिनी, जपानी अक्षरं

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेकडच्या कारखान्यांत तैवान-जपानच्या मशिनी असतात. त्यांच्या पुस्तिका मराठी-कन्नडात करताना पॅनेलवरची मूळ अक्षरं तशीच ठेवावी लागतात. काही महिने याच कामाला झीलाटेक (युनिकोड मजकूर छपाईसाठी मांडणारी लाटेक प्रणाली) आणि तिचं झी-सीजेके हे चिनी-जपानी-कोरियन अक्षरांचं पॅकेज वापरून झालेलं हे मत.

चिनी उत्तम जमतं. शब्दांमध्ये जागाच नसल्यामुळे नुसतं झीलाटेक ओळ तोडत नाही, मजकूर समासाबाहेर पळतो. हे पॅकेज कुठल्याही दोन अक्षरांमध्ये तोडतं, पण पूर्णविराम ओळीच्या सुरुवातीला किंवा उघडता कंस शेवटी येऊ देत नाही.

घोळ होतो तो मराठीत! गोल अवतरणचिन्हांचे युनिकोड क्रमांक दोन्हीकडे तेच. पॅकेज ती चिनी धरतं, मग मराठी वाक्यात अवतरणाला चिकटून मोठी पोकळी पडते. एकेरी-दुहेरी चारही चिन्हांचा वर्ग (पॅकेज अक्षरांना ज्या गटात टाकतं तो) सुरुवातीलाच 'डिफॉल्ट' करून टाका. तैवानी आणि जपानी मजकुरात कोपरी अवतरणं चालतात, त्यामुळे तिकडे काही बिघडत नाही.

फॉन्ट नोटो सीजेके. तैवानसाठी टीसी, जपानसाठी जेपी. एकच घेऊन भागवू नका. क्रमांक एक असला तरी वळण देशागणिक बदलतं. 'हाड' या अक्षरातली आतली चौकट चीनमध्ये डावीकडे, जपानमध्ये उजवीकडे. आपल्या ल आणि श चंही तसंच: फॉन्टस्पेकमध्ये (फॉन्ट निवडायचं पॅकेज) स्क्रिप्ट देवनागरी देऊन थांबलात तर हिंदी वळण येऊ शकतं, लँग्वेज मराठीही द्या (फॉन्टात ती सोय हवी). कन्नडसाठी वेगळी फॉन्ट-फॅमिली.

चिनी अक्षर चौकट भरून बसतं, म्हणून त्याच पॉइंटला मोठं दिसतं. स्केल ०.९ ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र कन्नड ओत्तक्षरांच्या (अक्षराखाली लागणारी जोडाक्षरं) हिशेबानं, साधारण दीडपट.

श्रीलिपी किंवा कन्नडच्या नुडीच्या जुन्या फॉन्टांत आलेला मजकूर आधी युनिकोडात बदला, नाहीतर इंग्रजी अक्षरांचा कचरा छापला जाईल.

उभ्या ओळी हव्यात तर हे सोडा आणि लुआटेक-जा (लुआलाटेकवर चालणारं जपानी मजकुराचं पॅकेज) घ्या. तिथे देवनागरी-कन्नडला हार्फबझ रेंडरर (जोडाक्षरं नीट जुळवणारा भाग) सांगावा लागतो. पहिल्या वेळी फॉन्टांची यादी बनवताना लुआलाटेक बराच वेळ खातं, बंद पडलं समजू नका.

फॉन्टात नसलेलं अक्षर झीलाटेक नीट छापत नाही, आणि त्याचा इशारा सहज नजरेतून सुटतो. टेक लाइव्ह (हे सगळं एकत्र मिळतं तो संच) २०२१ किंवा पुढचं असेल तर ट्रेसिंगलॉस्टकॅर्स हे सेटिंग ३ करा, म्हणजे एररच येते.