भजनाच्या पाळ्या: फिल-फ्लॅट की मॉड्युलो?

फोंड्याजवळच्या आमच्या गावात देवळात चोवीस तासांचं अखंड भजन असतं. दोन-दोन तासांच्या बारा पाळ्या, त्या आळीपाळीने घेणारे वाडे (वस्त्या) चार. तक्ता जावास्क्रिप्टने काढायचा तर चार नावांचा अ‍ॅरे (क्रमवार यादी) तीनदा हवा. स्ट्रिंगला (मजकुराला) तोच पुन्हापुन्हा जोडणारी रिपीट मेथड आहे, अ‍ॅरेला नाही. का नाही, देव जाणे.

पहिली रीत: तीन जागांचा रिकामा अ‍ॅरे, त्यात फिलने प्रत्येक जागी तोच वाड्यांचा अ‍ॅरे भरायचा, मग फ्लॅटने आतले अ‍ॅरे उलगडून एकच सलग यादी. एका ओळीत काम, वाचणाऱ्यालाही लगेच कळतं. फ्लॅट 2019 च्या आवृत्तीत आलं, म्हणून जुनाट ब्राउझरवर अडतं. तिथे लूप लावून एकेक नाव पुश करा, म्हणजे शेवटी जोडा.

यंदा पाचवा वाडा आला नि गणित बिघडलं. पाच त्रिक पंधरा, पाळ्या बाराच! स्लाइसने शेपूट छाटता येतं, पण ते ठिगळच. इथे अ‍ॅरे.फ्रॉम सरस: लांबी बारा द्यायची आणि सोबतच्या फंक्शनमध्ये प्रत्येक जागेच्या क्रमांकाला (इंडेक्सला) वाड्यांच्या संख्येने भागून उरलेली बाकी, म्हणजे मॉड्युलो, घ्यायची. इंडेक्स सात, बाकी दोन, आणि मोजणी शून्यापासून, म्हणजे तिसरा वाडा. वाडे कितीही होवोत, ओळ तीच. मी आता हीच वापरतो.

एक फटका मात्र दोन्हीकडे बसतो. नुसत्या नावांऐवजी ऑब्जेक्ट (नाव, टीप अशा नोंदी एकत्र ठेवणारा गठ्ठा) ठेवलेत तर प्रती होत नाहीत, तोच ऑब्जेक्ट पुन्हापुन्हा येतो. पहाटेच्या पाळीपुढे ‘पेटी आणणे’ लिहिलं, तर संध्याकाळीही तेच उमटलं! अ‍ॅरे.फ्रॉमच्या फंक्शनमध्येच स्प्रेडने (तीन टिंबांच्या खुणेने) जुन्यातल्या नोंदी उतरवून नवा ऑब्जेक्ट करता येतो. फिलवाल्याला त्यासाठी पुढे वेगळा मॅप (प्रत्येक घटकावर तेच काम करणारी मेथड) जोडावा लागतो.