पिकअपच्या छतावर अँटेना: मॅग्नेट माउंट की छताला होल?

हॅम रेडिओचा परवाना हातात आहे, 50 वॉटची ड्युअल-बँड रिग (दोन बँडवर चालणारा वायरलेस सेट) घेऊन झाली आहे, गाडी डबल-कॅब पिकअप आहे आणि अँटेना कसा बसवायचा यावर घोडं अडलंय, असं गृहीत धरून लिहितो. कुठली रिग घ्यावी हा प्रश्न त्यामानाने सोपा असतो. गाडीतलं स्टेशन कसं चालणार हे बहुतेक अँटेनावरच ठरतं.

आधी जागा. 145 मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगाचा व्हिप (उभ्या काडीसारखा अँटेना) साधारण 49 सेंमी भरतो आणि त्याच्याखाली चहूबाजूंना निदान तेवढाच पत्रा लागतो. पिकअपवर अशी जागा एकच, केबिनच्या छताचा मध्य. मागच्या लोडबॉडीवर लावावासा वाटतो खरा, पण लोडबॉडी केबिनपासून सुटी, चॅसीवर वेगळी बोल्ट केलेली असते. तिला विणलेल्या तारेच्या जाड पट्टीने चॅसीशी जोडलं नाही तर अर्थिंग कच्चं राहतं, शिवाय पुढच्या दिशेला केबिन आडवी येते ती वेगळीच. बॉनेटच्या कडेचा ब्रॅकेट मधला मार्ग आहे. त्याचे बारीक स्क्रू रंग फोडून पत्र्यात रुतले पाहिजेत, आणि एका बाजूला सिग्नल जरा दबतो. तेवढं चालणार असेल तर तोही वाईट नाही.

छतावरच लावायचं ठरलं की दोनच पर्याय उरतात: मॅग्नेट माउंट, किंवा छताला 19 मिमीचं होल मारून एनएमओ माउंट (होलमध्ये पक्का बसणारा, ज्यावर अँटेना फिरवून लावतात).

व्हीएचएफ-यूएचएफवर, म्हणजे रिगच्या दोन्ही बँडवर, दोघांच्या सिग्नलमध्ये कानाला कळण्याइतका फरक मला तरी जाणवलेला नाही. मॅग्नेट रंगाच्या थरातून कपॅसिटन्सने, म्हणजे धातूला धातू न लागताच, पत्र्याशी जोडला जातो आणि 145 वर तेवढं पुरतं. 7 मेगाहर्ट्झवर नाही पुरत. तिथे केबलला हात लावला तरी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप; 1 म्हणजे उत्तम) हलतो. पुढे एचएफ (7 मेगाहर्ट्झसारखे खालचे बँड) करायचं मनात असेल तर पत्र्याशी थेट धातूचा संपर्क असलेला माउंटच हवा.

मग होल कशासाठी मारायचं? केबलसाठी. मॅग्नेट माउंटची केबल दाराच्या रबरातून आत येते, आणि माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो. दार दर वेळी तिला चेपतं. आरजी-58 या नेहमीच्या बारीक कोअॅक्स केबलमधलं पॉलिथिलीन हळूहळू दबतं, मधली तार एका बाजूला सरकते, वरचं आवरण चिरतं. पावसाळ्यात पाणी त्या चिरेतून आवरणाखालच्या तारांच्या जाळीत शिरतं आणि जाळीतून पुढे ओढलं जातं. दुसरीकडे केबलच्या अंगाने रबर ओलांडून थेंब दाराशेजारच्या खांबाच्या ट्रिममागे उतरतात आणि मॅटखाली साचतात. ताम्हिणी घाटात जुलैमध्ये गाडी चालवणाऱ्याला हा कुबट वास ओळखीचा असेल.

यात फसवं काय, तर एसडब्ल्यूआर मीटर सगळं ठीक दाखवतो. केबल पाणी प्यायली की तिच्यातला तोटा वाढतो. परत येणारी पॉवरही वाटेतच जिरते, म्हणून रिगजवळचा एसडब्ल्यूआर उलट सुधारल्यासारखा दिसतो. केबलमध्ये 3 डीबी तोटा (म्हणजे निम्मी पॉवर वाटेत गेलेली) असेल तर पलीकडे अँटेना नसतानाही मीटर 3 च्या आसपास थांबतो. त्यामुळे शंका आली की केबलच्या वरच्या टोकाला अॅडॉप्टरने वॉटमीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोधक) लावून बघा. 5 मीटर चांगल्या आरजी-58 मधून 145 वर 50 पैकी साधारण 40 वॉट पोचायला हवेत. 30 च्या खाली आले तर केबल गेली समजा.

मॅग्नेटच ठेवायचा असेल तर केबल मागच्या, कमी उघडणाऱ्या दारातून घ्या. बिजागरीच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यातून आत न्या आणि आत शिरण्याआधी बाहेर खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथेच गळून पडतं. मॅग्नेट कधी सरकवू नका, कड धरून तिरका करून उचला. आपल्या बेसाल्टच्या मातीत मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. ते मॅग्नेटखाली गोळा होतात आणि पॉलिश पेपरसारखं काम करतात. धुताना दर वेळी दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्या.

होलचं काम एकदाच करायचं, पण जपून. बॅटरीचा निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, मगच खांबाचे ट्रिम सोडवा. कर्टन एअरबॅग असेल तर केबल तिच्या मागून न्या, पुढून आडवी कधीच नाही. केबिनचा दिवा काढून किंवा रूफ लायनिंग थोडं उतरवून आडवी पट्टी कुठे आहे ते चाचपा आणि तिला टाळून मध्य धरा. मास्किंग टेप, 3 मिमीचं पायलट होल, मग खोली अडवणारी कॉलर असलेला 19 मिमीचा होल-सॉ. दातांना ग्रीस लावा, कीस त्यालाच चिकटतो. राहिलेला कीस लगेच उचला, नाहीतर पहिल्याच पावसात छतभर गंजाचे ठिपके येतात. कापलेल्या कडेला झिंक प्रायमर लावा. खालच्या बाजूला मात्र माउंटचे दात जिथे रुततात तेवढा पत्रा उघडाच ठेवून त्यावर पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवा. तिथे रंग राहिला की अर्थिंग गेलं. वरची रिंग ओ-रिंग जेमतेम दबेपर्यंतच आवळा, जास्त ताकद लावली तर छताला खळगा पडतो.

पॉवर दोन्हीकडे सारखीच. सिगरेट सॉकेट नको, थेट बॅटरीपासून 6 चौरस मिमीची वायर घ्या आणि फ्यूज बॅटरीजवळ लावा. जाऊन-येऊन 8 मीटर वायरीत 12 अँपिअरला साधारण 0.3 व्होल्ट पडतात, 2.5 चौरस मिमी वापरली तर 0.7. निगेटिव्ह पोस्टवर बॅटरी सेन्सर असेल तर काळी वायर पोस्टवर न लावता बॅटरीच्या अर्थिंग केबलच्या चॅसीकडच्या बोल्टवर लावा.

गाडी कंपनीची असेल, वर्ष-दोन वर्षांत विकायची असेल किंवा एकच अँटेना दोन गाड्यांवर फिरणार असेल तर मॅग्नेटला पर्याय नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. गाडी स्वतःची आणि मुक्कामाची असेल तर मी होल मारा असंच सांगेन. फक्त उंची आधी मोजा. 1.8 मीटरच्या गाडीवर 49 सेंमीचा व्हिप म्हणजे जवळपास 2.3 मीटर, आणि तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी 2.1 ची आडवी पट्टी बऱ्याचदा असते. एनएमओचा व्हिप हाताने फिरवून निघतो. काढला की माउंटवर रबर सील असलेली पितळी टोपी लावायची, ती माउंटसोबतच विकत घ्या.