नंदुरबारची जनगणना पुस्तिका: फुकट मिळते, पण जपून वाचा

नंदुरबारवर काही लिहायचं, मोजायचं तर 2011ची जिल्हा जनगणना पुस्तिका टाळता येत नाही. 2021ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे अजून हीच चालते. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहे. ‘अ’ भागात गावोगावच्या सोयी, ‘ब’ भागात लोकसंख्येचे तक्ते.

जिल्ह्याची लोकसंख्या 16,48,295, त्यात साधारण 69 टक्के आदिवासी. 2001चा आकडा 13,11,709, म्हणजे दहा वर्षांत पाव भागाने वाढ. 1991साठी मात्र धुळ्याची पुस्तिका काढा. नंदुरबार 1 जुलै 1998ला वेगळा झाला, तेव्हा तालुके वेचून बेरीज करावी लागते. धडगाव तालुका ‘अक्राणी’ नावाने शोधा. गावांच्या नावांची इंग्रजी स्पेलिंगं कशीही आहेत, म्हणून सहा आकडी गावसंकेतांकच धरा. 2001चे संकेतांक वेगळे आहेत, ती जुळवाजुळव हातानेच.

साक्षरता काढताना हमखास चूक होते. साक्षरांना एकूण लोकसंख्येने भागू नका. आधी 0 ते 6 वयाची मुलं वजा करा. नाहीतर लेकुरवाळं गाव उगीच अडाणी दिसतं.

‘अ’ भागातला अंतराचा रकाना डोंगरात कुचकामी. दवाखाना गावात नसेल तर तिथे फक्त अक्षर असतं: ए म्हणजे 5 किलोमीटरच्या आत, बी म्हणजे 5 ते 10, सी म्हणजे त्यापुढे. शहाद्याच्या तापीकाठी ‘बी’ सायकलवर उरकतं. अक्राणीत त्याच ‘बी’त एक दरी उतरून पुन्हा चढायची असते, आणि पावसाळ्यात मधला नाला अडवतो तो वेगळाच.

खरी गोम मोजणीत आहे. पुस्तिका महसुली गाव मोजते. सातपुड्यात माणसं पाड्यांवर राहतात. एका नावाखाली टेकड्यांवर विखुरलेले कितीतरी पाडे येतात, आणि एका पाड्यावर शाळा असली की अख्ख्या गावात ‘आहे’. शिवाय मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीत. तेव्हा ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीपर्यंत परतत नाहीत, आणि पूर्ण काळ बाहेर असलेल्याची नोंद जिथे सापडेल तिथे होते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरतात ती, 1 मार्च 2027 आहे, तेव्हा हीच अडचण पुन्हा येणार.

म्हणून तालुक्यापर्यंतच्या आकड्यांना ही पुस्तिका पुरते. पाड्यावर पाण्याची टाकी किंवा अंगणवाडी मागायची असेल तर अंगणवाडीताईंची सर्वेक्षण नोंदवही बघा. त्यात घरं पाड्यानुसार सापडतात.