नागपूरच्या उन्हात कंदफुलं: सगळे ऋतू पाहून झाल्यावर

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. नागपुरात कंदफुलं लावायची असतील तर मे फ्लॉवर, रेन लिली, निशिगंध आणि बाजारात अमरिलिस म्हणून मिळणारी हिपिअॅस्ट्रम यांच्यावर डोळे झाकून पैसे घाला. ग्लॅडिओलस हौस आणि थोडी मेहनतीची तयारी असेल तर. एशियाटिक किंवा ओरिएंटल लिली एकाच बहरासाठी घेताय हे मान्य असेल तरच. ट्युलिपच्या वाटेला जाऊ नका.

हे सगळं मी घरी लावून, एक पूर्ण उन्हाळा काढून आणि पुन्हा पावसाळा बघून लिहिते आहे. घर त्रिमूर्तीनगरात. पुढे पूर्वेकडे लहानसं अंगण, एका बाजूला आंब्याची सावली आणि वर तापणारी गच्ची. बरेच कंद सेमिनरी हिल्सकडच्या नर्सरीतून आणले, काही ओळखीच्यांकडून मिळाले आणि लिली व हिपिअॅस्ट्रमचं एक मिश्र पाकीट ऑनलाइन मागवलं.

कंदांबद्दल वाचायला गेलं की बहुतेक माहिती थंड देशांची असते. हिवाळ्याआधी लावा, बर्फ वितळला की फुलेल, वगैरे. ती इथे लागू पडत नाही आणि त्याचं कारण समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. वाईट दिवस निभावून नेता यावेत म्हणून झाड जमिनीखाली अन्न साठवून ठेवतं, तो कंद. प्रश्न इतकाच की त्या झाडाच्या मूळ मुलखात वाईट दिवस कुठले? ट्युलिपच्या आणि थंड मुलखातल्या लिलीच्या मुलखात कडाक्याची थंडी, म्हणून त्यांना पुन्हा फुलायला काही आठवडे गारठा लागतोच. मे फ्लॉवर आफ्रिकेतलं, निशिगंध मेक्सिकोतला, रेन लिली आणि हिपिअॅस्ट्रम मध्य व दक्षिण अमेरिकेकडची. यांचे वाईट दिवस म्हणजे मुख्यतः कोरडे महिने. नागपूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा साधारण १०-१२ अंशांवर असतो, लाट आली तर ७-८ पर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा २५ च्या पुढे. कुंडीतल्या मातीला गारठा असा लागतच नाही. कोरडे महिने मात्र आपल्याकडे हवे तेवढे आहेत. कंद विकत घेण्यापूर्वी एवढा एक विचार केला तरी बरेच पैसे वाचतात.

मातीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे कंद उन्हाने जातात त्याहून जास्त पावसाळ्यात कुजून जातात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. गुलाबाला, जास्वंदीला ती चालते. कंदाच्या बुडाशी आठवडाभर चिखल राहिला की खेळ खलास. मी एक भाग काळी माती, एक भाग चाळलेला मुरूम किंवा जाडसर वाळू (शेजारच्या बांधकामावरची उरलेली कन्हानची वाळू कामी आली) आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घेतलं. वरून कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट जवळजवळ वापरलं नाही. उन्हाळ्यात चालेल, पण आषाढ-श्रावणात ते ओलं राहतं ते राहतंच. अंगणातला पट्टा वीतभर उंच करून घेतला आणि कडेला विटा लावल्या. जुलैत सलग झड लागली तेव्हा शेजारच्या वाफ्यात पाणी तुंबलं होतं, या पट्ट्यातून मात्र निथळून गेलं.

आता मे फ्लॉवर, ज्याला आपल्याकडे फुटबॉल लिली पण म्हणतात. सगळ्यांत कमी लाड आणि सगळ्यांत जास्त आनंद. थंडीत पानं पिवळी पडून गळाली की कुंडी जिन्याखाली सरकवायची आणि पाणी पूर्ण बंद. एप्रिलअखेरपर्यंत कुंडीत नुसती कोरडी माती दिसते आणि घरातलं कुणीतरी विचारतंच, "अगं, ही रिकामी कुंडी कशाला ठेवलीस?" मग मेमध्ये, बाहेर पारा ४४-४५ वर असताना, मातीतून एक जाड टोक वर येतं. त्यावर तांबूस-जांभळे ठिपके असतात, तेवढ्यावरून ओळखायचं. टोक दिसलं की पाणी सुरू करायचं. दांडा भराभर वाढतो आणि वरचं आवरण फाटून आतून कळ्यांचा गुच्छ उलगडतो. पूर्ण उमललेला गोल जवळून बघा. ते एक फूल नाहीच, शंभरावर बारीक फुलं आहेत. प्रत्येकाला सहा अरुंद पाकळ्या, सहा लाल केसर आणि केसराच्या टोकाला पिवळा ठिपका. बाहेरच्या बाजूची फुलं आधी उघडतात की आतली, हे बघत मी सकाळी चहा घेऊन तिथेच उभी असायची. आठवडाभर तो लालभडक गोल टिकला. सावलीत ठेवला तर थोडा जास्त टिकतो, भर उन्हात कडा लवकर करपतात. नंतर येणारी रुंद पानंही देखणी आहेत आणि ती कापायची नाहीत, कारण पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्याच कमाईवर येतं. हा कंद लहान कुंडीत दाटीने राहायला खूश असतो, दरवर्षी उपटून नवी कुंडी देण्याची गरज नाही.

रेन लिली हे तर पैसा वसूल प्रकरण. पांढरी, गुलाबी आणि पिवळी, तिन्ही लावल्या. गुलाबी सर्वांत जोमदार, पांढरी जरा उशिरा पण फार वेळ फुलत राहते, पिवळीचं फूल लहान पण रंग लखलखीत. कांद्याच्या पातीसारखी पानं एरवी लक्षातही येत नाहीत. जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला आणि चार-पाच दिवसांत अख्खी कड फुलून आली. एक फूल एक-दोन दिवसच टिकतं, पण एकामागून एक येत राहतात. पाऊस लांबला तर कुंडी आठ-दहा दिवस कोरडी ठेवून मग भरपूर पाणी द्यायचं. कळ्या येतात, पावसाने येतात तेवढ्या एकदम येत नाहीत. कंद दोन बोटं खोल, जवळजवळ लावा. एकेक दूर लावले तर ते गवतासारखे दिसतात.

निशिगंधाबद्दल एकच गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. एका कंदाला आयुष्यात एकदाच दांडा येतो. नंतर त्याच्या भोवतीची पिल्लं मोठी होऊन फुलतात. त्यामुळे पहिल्या वर्षी छान फुललं आणि दुसऱ्या वर्षी दांडे कमी आले तर घाबरायचं कारण नाही, दोन-तीन वर्षांनी गड्डा फोडून मोठे कंद वेगळे लावायचे. हे काम मार्चमध्ये करावं. एकेरी आणि दुहेरी दोन्ही प्रकार माझ्याकडे आहेत. दुहेरी फुलदाणीत भरदार दिसतो, वास मात्र एकेरीचाच. बर्डीच्या फूलबाजारात हारासाठी सुटी विकली जातात तीही एकेरीच. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने काढलेला 'प्रज्वल' हा एकेरी वाण मिळाला तर घ्या, कळीवर हलकी गुलाबी झाक असते आणि दांडा मजबूत. निशिगंधाला ऊन पूर्ण हवं. आंब्याखाली ठेवलेल्या कुंडीत नुसती पात वाढली, गच्चीवरच्या कुंडीत ऑगस्टपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत दांडे येत राहिले.

हिपिअॅस्ट्रमला डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाणी जवळपास तोडलं. लावताना कंदाची मान आणि वरचा एक-तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवायचा, पूर्ण गाडला तर मानेशी पाणी साचून सडतो. मार्चमध्ये पानांआधीच कळीचा दांडा आला, एका दांड्यावर चार मोठी फुलं. जुना नर्सरीतला लाल रंगाचा प्रकार इथे अगदी रुळलेला आहे. ऑनलाइन आलेले पट्ट्यापट्ट्यांचे, पांढरे-गुलाबी कंद पहिल्या वर्षी फुलले, आता दुसऱ्या हंगामात पानं जोरात आहेत. कंद घेताना मुठीएवढा घ्या. सुपारीएवढ्या पिल्लाला फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, मग ते कितीही स्वस्त असो.

आणि पावसाळ्यातली अळी. हिपिअॅस्ट्रम, सुदर्शन, स्पायडर लिली, कळलावी, या सगळ्यांवर ही येते. काळं अंग, त्यावर पांढरे आणि नारिंगी-लाल ठिपके, दिसायला सुंदरच. मादी पतंग पानाच्या मागे पुंजक्याने अंडी घालते, लहान अळ्या कळपाने पानाचा हिरवा भाग खरवडतात आणि मोठ्या झाल्या की पान संपवून मानेतून कंदात शिरतात. दोन रात्रींत सुदर्शनचं हातभर लांब पान जाळीदार झालेलं मी पाहिलं आहे. जुलैपासून दर दोन दिवसांनी पान उलटून बघा. अंड्यांचा पुंजका दिसला की पानाचा तेवढा तुकडा कापून साबणाच्या पाण्यात टाका, हा सर्वांत खात्रीचा उपाय. निंबोळी तेलाची फवारणी लहान अळ्यांवर चालते, मोठ्यांना काही होत नाही. त्या चिमट्याने वेचूनच काढाव्या लागतात.

ग्लॅडिओलस ऑक्टोबरपासून नोव्हेंबरपर्यंत पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावले, म्हणजे सगळे एकदम फुलून संपत नाहीत. अडीच-तीन महिन्यांत दांडा येतो. पसरट मोठ्या कंदापेक्षा उंच, फुगीर कंद चांगला. दांड्याला काठीचा आधार लागतोच. फुलं उत्तम आली. अडचण नंतरची आहे. पानं पिवळी पडल्यावर कंद काढून वाळवून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत ठेवायचे, आणि मध्ये आपला मे महिना. जाळीच्या पिशवीत उत्तरेकडच्या खोलीत जमिनीवर ठेवलेले काही कंद सुकून कडक झाले. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत ठेवलेले बरेच चांगले राहिले, फक्त शेजारी सफरचंद, केळी नको. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू साठवलेले कंद बिघडवू शकतो.

एशियाटिक लिलीबद्दल नर्सरीतल्या भाऊंनी आधीच सांगितलं होतं, "वहिनी, हा कंद एक डाव मस्त फुलते, मंग नाही फुलत." तसंच झालं. हे कंद बहुतेक हॉलंडहून शीतगृहात ठेवूनच येतात, त्यांना लागणारी थंडी तिथेच मिळून जाते. नोव्हेंबरमध्ये लावले, जानेवारीच्या शेवटी केशरी आणि पिवळी फुलं आली, अगदी फुलवाल्याच्या गुच्छातल्यासारखी. मार्चनंतर ऊन वाढलं तशी झाडं खालून पिवळी पडत गेली आणि पुढच्या हंगामात उगवले ते बोटभर दांडे, कळीशिवाय. थंडीतल्या महिनाभराच्या शोभेसाठी घेणार असाल तर घ्या. कंद आला की त्याच आठवड्यात लावा, कारण या लिलीच्या कंदाला कांद्यासारखं कागदी साल नसतं, उघडे खवले असतात आणि ते लगेच सुकतात. चार-पाच इंच खोल लावा, दांड्याला कंदाच्या वरही मुळं फुटतात. आणि घरात मांजर असेल तर आणूच नका. या लिलीचा कुठलाही भाग, अगदी परागसुद्धा, मांजराची मूत्रपिंडं निकामी करतो.

ऑनलाइन पाकिटाबद्दल माझी तक्रार आहे. काही कंद दाबल्यावर मऊ लागले, त्यांच्या मानेत बुरशी होती आणि चिठ्ठीवरचा रंग व प्रत्यक्षातला रंग जुळला नाही. फोटो पाठवूनही बदलून मिळाले नाहीत. कंद ही हातात घेऊन, बुडाशी अंगठ्याने दाबून घ्यायची वस्तू आहे. टणक आणि जड लागला तरच पैसे द्या.

उन्हाळ्यात झोपलेल्या कुंड्या गच्चीवर ठेवू नका. तिथे प्लास्टिकच्या कुंडीतली माती दुपारी हात लावू देत नाही. उत्तरेची किंवा जिन्याखालची जागा बघा, पण कुलरचं पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यात नाही. विश्रांतीतल्या कंदाला ती रोजची ओल पुरते कुजायला. जागे असलेले निशिगंध आणि रेन लिली मात्र हिरव्या जाळीखाली, रोज संध्याकाळी पाणी, नवतपात (मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत) दोन वेळा.

यंदा कळलावी लावली आहे. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा दोन टोकांचा असतो आणि डोळा टोकावरच असतो, टोक मोडलं तर उगवत नाही. आडवा ठेवून हलक्या हाताने माती टाकली. पानाच्या टोकाने ती जाळीला धरून वर चढली आहे आणि पहिल्या कळ्या आल्या आहेत. तिचा कंद अत्यंत विषारी आहे, म्हणून मुलं खेळतात त्या बाजूला न लावता मागच्या कुंपणाशी लावली आणि कंदाला हातही मोजे घालूनच लावला. पुढच्या मार्चला निशिगंधाचा गड्डा फोडेन, तेव्हा त्याची अर्धी पिल्लं त्याच कुंपणालगत, कळलावीपासून हातभर अंतर सोडून जातील. तिथे दुपारपर्यंत भरपूर ऊन असतं.