साच्याचे इअरप्लग, १५ डेसिबलचा फिल्टर: गणपतीपासून होळीपर्यंत वापरून

वर्षानुवर्षं ड्रमकिटशेजारी उभं राहून गिटार वाजवल्यावर कानात जी बारीक शिट्टी सुरू होते, ती कानाच्या मापाने बनवलेल्या या प्लगने थांबत नाही. उलट प्लग घातल्यावर बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि शिट्टी जास्तच जाणवते. जे ऐकू येतंय ते टिकवायला हे घ्यायचे. २०१६ मध्ये एसी/डीसी या रॉक बँडच्या गायक ब्रायन जॉन्सनला पूर्ण बहिरं होण्याच्या धोक्यामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला, त्यामुळे भीती काल्पनिक नाही.

हिशोब सरळ आहे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. छोट्या जॅमरूममध्ये (बँडच्या सरावाच्या खोलीत) आवाज सहज १०० वर जातो. तिथे मुभा पंधरा मिनिटांची. आवाज १५ डेसिबलने कमी करणारा फिल्टर नीट बसला तर आठ तासांची.

'नीट बसला तर' यातच सगळं आलं. पैसे फिल्टरचे वाटतात, पण खरा माल साचा आहे. ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) माप घेताना कानात आधी दोरा बांधलेला स्पंजचा बोळा ठेवतो आणि मग सिलिकॉन भरतो. साचा कानाच्या दुसऱ्या वळणापलीकडे गेलाच पाहिजे. आखूड राहिला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, आणि गायक हमखास दबून गातो. गाणाऱ्याने माप देताना तोंड उघडं ठेवावं, कारण जबडा हलला की कानाची नळीही आकार बदलते आणि बंद तोंडाने घेतलेला साचा वरच्या सुरात सैल पडतो. तपासायला 'म्‌' म्हणून गुणगुणा. दोन्ही कानांत सारखं घुमलं पाहिजे. एकीकडे कमी घुमलं तर तिथून हवा जातेय आणि बास आत शिरतोय.

फोमच्या बोळ्यांशी तुलनाच नको. फोम वरच्या पट्ट्या जास्त खातो, सिंबल गोधडीखाली वाजल्यासारखी येते. इथे स्नेअर ड्रमची कड शाबूत राहते. बास मात्र थोडा पातळ वाटतो. तो दोष फिल्टरचा नाही, कमी आवाजात आपला कानच खालचे सूर कमी धरतो. म्हणून प्लग घालून ॲम्पचा बास वाढवू नका, समोर बसलेल्यांना गडगडाट ऐकू जाईल. टोन साउंड इंजिनिअरला विचारून लावा. आणि एकच प्लग काढून गाण्याची खोड सोडा. उघडा कान सगळा मार खातो.

घालताना विरुद्ध हाताने कान वर आणि मागे ओढून फिरवत बसवायचा. काढताना सावकाश, झटका दिला तर पोकळीने कानाचा पडदा ओढला जाऊन दुखतो.

धुण्याआधी फिल्टर काढा. साच्याला कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो, फिल्टरच्या पातळ पडद्याला पाणी अजिबात नको. मळ अडकला की आवाज एका बाजूला दबतो आणि लोकांना वाटतं कान गेला. पावसाळी हवेत ओलेच डबीत टाकले तर कानात बुरशी होते; डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा.

ड्रमरने २५चा घ्यावा, ढोल-ताशा पथकातल्यांनीही. साचा तोच राहतो, फिल्टर तेवढा बदलायचा. वजन बरंच उतरलं किंवा प्लग सारखे सैल पडू लागले तर मात्र माप नव्याने द्यावं लागतं.