आईची आरएसव्ही लस: फार्मासिस्टला पाच स्टार, काउंटरला दोन

आई ७६ची, दमा जुनाच, इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आल्यापासून दर थंडीत छाती भरते. ७५च्या पुढे सगळ्यांनाच आरएसव्हीची (छातीत उतरणारा श्वसनाचा विषाणू) लस सांगतात म्हणून ह्या फार्मसीत सव्वाअकराची अपॉइंटमेंट घेतली, नंबर लागला बाराला! बसायला खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर कुणाचं तरी पार्सल. काउंटरवरच्या मुलीने काही न सांगता टॅबलेट पुढे केला, सही करा.

आईने चष्मा लावून वाचलं, त्यात लसीनंतरच्या जीबीएसचा (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) उल्लेख होता, आणि मला म्हणाली, "अगं थांब, हा तोच ना, पुण्यातला जीबीएस?" मावशी सिंहगड रोडला राहते, जानेवारी २०२५ मध्ये तिथे साथ होती तेव्हा रोज फोनवर तेच चाललेलं, पाणी उकळून प्या, अमका व्हेंटिलेटरवर. आई उठलीच.

मग फार्मासिस्ट स्वतः बाहेर आला, गुजराती आहे, हिंदीतून नीट बोलला. पुण्यात दूषित पाण्यातल्या जंतूंमुळे होतं, इथे तसं नाही, पण आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते हे तेच. एफडीएने (अमेरिकेचं सरकारी औषध नियामक) त्याच जानेवारीत अरेक्सवी आणि अब्रिस्वो ह्या दोन्ही आरएसव्ही लसींच्या लेबलवर जीबीएसची सूचना टाकायला लावली, ६५च्या वरच्यांत दहा लाख डोसांमागे अंदाजे ७ ते ९ जास्तीच्या केसेस, लसीनंतर ४२ दिवसांत, लसच कारण आहे हे मात्र पक्कं ठरलेलं नाही. "कुछ नहीं होता आंटी" करून उडवून लावलं नाही हे मला फार आवडलं. वर मॉडर्नाच्या आरएसव्ही लसीवर ही सूचना नाही, माझ्याकडे आज नाहीये, दुसरीकडे बघा हवं तर, हेही सांगितलं. धंदा घालवणारा दुकानदार बऱ्याच दिवसांनी बघितला बाई.

आई दहा मिनिटं गप्प. मग म्हणाली, "गेल्या वर्षी चार दिवस ऑक्सिजनवर मी होते, तू नाही. टोच बाबा."

त्याने कागदावर ४२व्या दिवसाची तारीख आणि खाली लिहून दिलं: पायाला मुंग्या, जिना चढताना पाय लटपटणं, अशक्तपणा वर चढत जाणं, असं काही झालं तर उद्यावर न ढकलता इमर्जन्सी. तो फ्रिजवर लावला. आई रोज सकाळी स्वतःच जिना दोनदा चढून दाखवायची, मी न सांगता. दंड तेवढा दोन दिवस दुखला.

पैसे तीनशे डॉलरच्या आसपास, कारण आईला मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) नाही अजून, त्यातला औषधांचा पार्ट डी असेल तर फुकट. शनिवारी जाऊ नका, पार्किंगची बोंब आहे.